पायांतील नाद आणि पडद्यावरील ताल

श्रोतेहो, ढोलकीचा फड तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. जत्रेत म्हणा, उसाचा हंगाम सरल्यावर म्हणा, गावाच्या मोकळ्या रानात म्हणा. तेथे एक गोष्ट तुमच्या नजरेस आली का? ढोलकीवाला प्रेक्षकांकडे फारसे बघत नाही. त्याचे डोळे नाचणारीच्या पायांवर खिळलेले असतात. तिने टाच दाबली की त्याचे बोट शाईवर पडते. तिने गिरकी घेतली की तो तोडा लांबवतो. ती दमली आहे हे आपल्याला कळत नाही, पण त्याला कळते, आणि तो हळूच ठेका आवरता घेतो. ताल पायांना हुकूम करीत नाही. दोघांचे बोलणे चाललेले असते.

आता बोलपट आला तेव्हा या बोलण्याचे काय झाले, ते आज सांगावयाचे आहे. आणि ते सांगायचे तर कोल्हापुरापासून सुरुवात केली पाहिजे.

१९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी ही मंडळी तिची मालक. त्या कंपनीत कोकणातला एक होतकरू पोरगा येऊन दाखल झाला. कुडाळकडच्या सोनवडे गावचा, जन्म १९१२ चा. नाव वसंत देसाई. दशावताराचा तो मुलूख. रात्र रात्र मृदंग आणि झांज कानांवर पडायची. पोरगा आला होता नट व्हायला. 'खुनी खंजर' या मूकपटात त्याने कामही केले. पण मूकपटात आवाजाला जागा नव्हती, आणि या पोराजवळ तर होता आवाजच!

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरात तयार झाला. संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि राजा हरिश्चंद्रही तेच. त्या काळी गाणे आधी मुद्रित करून ठेवण्याची सोय आपल्याकडे रुळलेली नव्हती. नटाने कॅमेऱ्यापुढेच गायचे, आणि वाजवणाऱ्यांनी पडद्यावर दिसणार नाही अशा आडोशाला बसून साथ करायची. एखाद्याची चूक झाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. मोठी कटकट होती, यात शंका नाही. पण बघा, गाणारा, वाजवणारा आणि हालचाल करणारा हे तिघे एका जागी, एका वेळी एकमेकांना ऐकत होते. फडावरचा नियम अजून मोडला नव्हता. वसंतराव या चित्रपटात गायले आणि पुढे गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशा जाणत्यांच्या हाताखाली काम करून शिकले. १९३३ साली प्रभातने पुण्यास बिऱ्हाड हलविले, वसंतरावही गेले.

मग १९३५ च्या सुमारास कलकत्त्याहून नवी रीत आली. गाणे अगोदर मुद्रित करायचे, आणि चित्रण करताना ते वाजवून नटाने ओठ हलवायचे. गाणाऱ्यांची सोय झाली. नाचणाऱ्याचे मात्र उलटे झाले. आता ताल आधीच ठरून गेलेला. पाय दमले, रंगले, थबकले, तरी तबकडी थांबत नाही. घुंगरेसुद्धा पुष्कळदा वेगळा माणूस ध्वनिग्राहकापुढे हाताने वाजवी, आणि पडद्यावर पाय दुसऱ्याचेच दिसत. (आज मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे पोरे नाचतात, तेही याच रीतीचे नातवंड. यंत्र त्यांच्या पायांकडे बघत नाही.)

संगीत देणाऱ्यापुढे आता प्रश्न असा पडला, की पाय समोर नसताना पायांसाठी रचना करायची कशी? माझ्या मते वसंतरावांची खरी कामगिरी येथे आहे. शांतारामबापूंनी १९४२ साली मुंबईत राजकमल कलामंदिर काढले, तेव्हा वसंतराव त्यांच्याबरोबर गेले. 'शकुंतला'ने १९४३ मध्ये त्यांचे नाव झाले. १९४७ चा 'लोकशाहीर रामजोशी' आणि १९५१ चा 'अमर भूपाळी' हे दोन्ही चित्रपट शाहिरांवरचे. पहिला सोलापूरच्या रामजोशींवर, दुसरा होनाजी बाळावर. 'रामजोशी'च्या दिग्दर्शनात कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा हात होता आणि गीते ग. दि. माडगूळकरांची होती. पेशवाईतली लावणी शहरातल्या शिकलेल्या कुटुंबांपुढे मांडायची, आणि तरी ढोलकी-तुणतुण्याचा कस जाऊ द्यायचा नाही, हे सोपे काम नव्हे. फार सोवळी केली तर लावणी मरते; फार सैल सोडली तर त्या काळचा पांढरपेशा उठून जातो.

पण शिखर म्हणावे ते १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'चे. हा चित्रपटच नृत्यावरचा. नाचणारे गोपीकृष्ण, कथकमधले तयार, त्यांच्याबरोबर संध्या. वसंतरावांनी काय केले, तर तबल्याला बनारसचे सामताप्रसाद बसविले, आणि शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँ यांच्याकडून अडाणा रागात गाऊन घेतले. काश्मीरचे संतूर तेव्हा फारसे कुणाला ठाऊक नव्हते. शिवकुमार शर्मा या विशीतही न पोचलेल्या तरुणाला त्यांनी पार्श्वसंगीतात ते वाजवू दिले. नृत्याचे बोल ज्याच्या हाडात मुरलेले आहेत असा तबलजी असला, म्हणजे समोर पाय नसले तरी तो पायांसाठी जागा सोडतो. ही जागा, हा क्षणभराचा श्वास, मला त्या चित्रपटात जागोजागी ऐकू येतो.

पुढे 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) नंतर वाटा काहीशा वेगळ्या झाल्या. १९५९ च्या 'नवरंग'ला संगीत सी. रामचंद्र यांचे होते. त्याच वर्षी वसंतरावांनी 'गूँज उठी शहनाई'त बिस्मिल्ला खाँ यांची सनई घुमविली. समूहगानाचा त्यांना मोठा नाद होता. 'दो आँखें बारह हाथ' आणि 'गुड्डी' (१९७१) यांतल्या त्यांच्या प्रार्थना कितीतरी शाळांत म्हटल्या गेल्या; त्या कुणाच्या हे मुलांना ठाऊक नसले तरी चालते. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत, राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अपघात होऊन ते गेले.

शिक्षक मंडळींना एक करून बघण्यासारखे सांगतो. 'झनक झनक'मधला एखादा नाच वर्गात आधी चित्र न दाखवता नुसता ऐकवा. पाय कुठे पडत असतील तिथे मुलांना बाकावर टिचकी मारू द्या. मग चित्रासह दाखवा, आणि कुणाची टिचकी बरोबर पडली होती ते त्यांचे त्यांनाच ठरवू द्या. गावात ढोलकीवाला असेल तर त्यालाही बोलवा, बरं का. तो कुठे मान हलवतो आणि कुठे नाक मुरडतो, ते मुलांना बघू द्या.