कलाशाळेचे दार : 'जे. जे.'च्या पहिल्या वर्गापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

आजच्या धाग्याचा विषय किल्ला नाही, लढाई नाही, ताम्रपटही नाही. विषय आहे कलाशाळेचे संकेतस्थळ आणि ते विद्यार्थ्याच्या बाजूने नव्याने कसे रचावे हा प्रश्न. यात इतिहास कुठे आला, असे वाटेल. पण संकेतस्थळ हे संस्थेचे दार आहे, आणि मुंबईतल्या कलाशिक्षणाच्या दारांना पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. प्रत्येक दाराशी प्रश्न एकच होता : हे दार आतल्यांच्या सोयीने बांधले की बाहेरून येणाऱ्याच्या?

धागा मोठा आहे. सवडीने वाचा.

'वापरकर्ता-केंद्री रचना' ही संज्ञा रूढ झाली १९८० च्या दशकात. डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांनी १९८६ मध्ये याच नावाचा ग्रंथ संपादित केला. आशय साधा आहे. वस्तू वापरताना माणूस वारंवार चुकत असेल, तर आधी वस्तूची रचना तपासावी. माणसाला दोष देण्याची घाई करू नये.

आता आपला वापरकर्ता ठरवू. लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग, म्हणजे जुन्या माणसांचा डिलाइल रोड. तिथल्या बीडीडी चाळींच्या परिसरात वाढलेली, बारावीत शिकणारी एक मुलगी कल्पा. हात चांगला आहे, घरी संगणक नाही, मोबाइल आहे. करी रोडला लोकल पकडली तर पाचवे स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिथून सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे आवार पायी गाठता येते. अंतर एवढेच. तरीही त्या आवारात आपल्याला प्रवेश आहे, हे तिला कोण सांगणार?

पहिले दार १८५७ चे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपयांची देणगी दिली आणि चार वर्षांनी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. हेतू उदात्त होता : इथल्या कारागिराच्या हाताला नवे शिक्षण मिळावे. पण वर्ग इंग्रजी वळणाचा, अभ्यासक्रम विलायतेतल्या शाळांच्या धर्तीवर बेतलेला. ज्याच्यासाठी दार उघडले, त्या कारागिराला ते दार आपले वाटेल का, हे विचारायला फारसे कोणी गेले नव्हते.

१८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग शिल्पकलेचे शिक्षक म्हणून आले. (होय, रुडयार्ड किपलिंगचे वडील. रुडयार्डचा जन्म त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईतच झाला.) त्यांच्या, जॉन ग्रिफिथ्स यांच्या आणि हिगिन्स यांच्या हाताखाली शिल्प, सजावटी चित्रकला आणि लोहकाम यांच्या कार्यशाळा चालू लागल्या. क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पे पाहिलीत तर या प्रयत्नांची खूण आजही दिसते. १८७८ मध्ये शाळेला स्वतःची इमारत मिळाली.

कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये वडिलांबरोबर या इमारतीत आले, विद्यार्थी झाले, तिथेच शिक्षक झाले आणि पुढे काही काळ संचालकपदही त्यांनी सांभाळले. त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. हे नाव नीट पाहा. आत शिरलेल्याला ते मंदिर वाटले. परंतु मंदिराला गाभारा असतो तसा उंबरठाही असतो, आणि बाहेर उभ्या असलेल्याला आधी उंबरठा दिसतो.

मग बाहेरच्यांसाठी चांगले दार कोणते होते? माझ्या मते या इतिहासातले सर्वांत हुशारीने रचलेले दार कोणत्याही इमारतीला नाही. ते म्हणजे चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा : एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ही प्रमाणपत्रे अजून जपून ठेवलेली सापडतील. १९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झाल्यापासून या परीक्षांची व्यवस्था त्याच्याकडे आहे. त्यांची रचना कशी आहे ते पाहा. परीक्षा मुलाच्या शाळेत किंवा जवळच्या केंद्रावर होते. माहिती देणारा माणूस म्हणजे शाळेतलेच चित्रकलेचे सर किंवा बाई. बोलणे मराठीत. समोर घागर, फळे, कापड अशा ओळखीच्या वस्तू मांडलेल्या. त्यांचे चित्र काढायचे. शिवाय स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. एलिमेंटरी झाली की पुढची पायरी इंटरमिजिएट, हे सगळ्यांना तोंडपाठ. गडचिरोलीच्या मुलाला आणि डिलाइल रोडच्या मुलीला एकाच क्रमाने, एकाच भाषेत पुढचे पाऊल सांगणारी ही व्यवस्था आहे. 'वापरकर्ता-केंद्री' हा शब्द जन्मण्यापूर्वी तिने ते काम केले. अडचण एवढीच की इंटरमिजिएटनंतर ही वाट एकाएकी धूसर होते. त्या मुद्द्याकडे शेवटी येऊ.

दारे आणखीही होती. शहरात चित्रकलेचे छोटे खासगी वर्ग चालत. कृष्णाजी हौळाजी आरा यांचे उदाहरण घ्या. हैदराबादजवळच्या बोलारमचा हा मुलगा लहान वयात घरातून पळून मुंबईला आला, घरकामाला राहिला, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेला. जे. जे.च्या नियमित वर्गात तो बसला नाही. केतकर यांच्या खासगी कलासंस्थेत शिकून त्याने ग्रेड परीक्षा दिली. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन यांच्यासह 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन करणाऱ्यांत हे आरा होते. मोठ्या दाराने न आलेला माणूसही आधुनिक भारतीय चित्रकलेच्या मध्यभागी पोहोचला. मात्र त्यासाठी त्याला असामान्य असावे लागले. सामान्य गुणांच्या मुलालाही वाट सापडावी, एवढीच आपली अपेक्षा आहे.

१९३० च्या दशकाच्या प्रारंभी सरकारी काटकसरीच्या एका समितीने जे. जे. बंद करण्याचीच शिफारस केली होती. शाळा वाचली, आणि १९३५ मध्ये तिथे कमर्शियल आर्टचा विभाग निघाला. 'शुद्ध' कलेच्या अभिमान्यांनी नाके मुरडली असतील. पण त्या काळच्या मुंबईकडे पाहा. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या कापडावर नक्षी लागे, ताग्यांवर रंगीत लेबले लागत, भिंतीवर कॅलेंडर लागे, वर्तमानपत्रात जाहिरात लागे. चित्र काढून पोट भरते का, या प्रत्येक मराठी बापाच्या प्रश्नाला शाळेने पहिल्यांदा सरळ उत्तर दिले. १९५८ मध्ये हा विभाग स्वतंत्र संस्था झाला, आजचे उपयोजित कला महाविद्यालय.

आणि इथूनच आपण संकेतस्थळाकडे वळतो, कारण मराठी संकेतस्थळ ज्यामुळे शक्य झाले त्यातला एक महत्त्वाचा दुवा याच परंपरेतून आला. त्यांचे नाव र. कृ. जोशी. जे. जे.मध्ये कमर्शियल आर्ट शिकलेले, 'उल्का' या जाहिरातसंस्थेत अनेक वर्षे कलादिग्दर्शक, पुढे मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिक्षक. शिवाय कवी आणि सुलेखनकार.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतरची काही वर्षे मराठी वाचकाने काय सोसले, हे आजच्या तरुणांना ठाऊक नसेल. तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. कुणी 'क' एका जागी ठेवी, कुणी दुसऱ्या. ज्या फॉन्टात मजकूर लिहिला तोच फॉन्ट तुमच्या संगणकात नसेल, तर 'प्रवेश अर्ज' या शब्दांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. यावर कार्यालयांनी शोधलेला उपाय म्हणजे कागदावर सूचना छापायची, तिचे छायाचित्र काढायचे आणि ते छायाचित्र संकेतस्थळावर टाकायचे!

युनिकोडने ही अडचण मुळातून सोडवली. त्यात आकाराऐवजी अक्षराला क्रमांक मिळाला. 'क' कुठल्याही फॉन्टात, कुठल्याही यंत्रावर 'क'च. पण क्रमांक डोळ्यांना दिसत नाहीत. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार पडद्यावर नीट बसवणारा फॉन्ट हवा होता. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा तो फॉन्ट, आणि त्याची अक्षररचना र. कृ. जोशी यांची. त्यांनी हे नाव आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दिले. 'मंगल' देखणा आहे का, यावर अक्षररचनाकार वाद घालतात, खुशाल घालोत. वेगळा फॉन्ट विकत न घेता लाखो संगणकांवर मराठी वाचता आली, हे त्या फॉन्टचे काम. २००८ मध्ये जोशी गेले. त्यानंतर मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्ता' यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्टही उपलब्ध झाले. त्यामुळे मराठी मजकूर चित्र म्हणून चिकटवण्याला आता तांत्रिक सबब उरलेली नाही. चित्रातला मजकूर शोधयंत्राला सहजी सापडत नाही, आणि अंध व्यक्तीच्या वाचक-प्रणालीला तो पुष्कळदा मुकाच राहतो. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत.

अक्षरे दिसू लागली तरी रचनेचा प्रश्न राहतोच. २०१० मध्ये रँडल मन्रो या अमेरिकी व्यंगचित्रकाराने दोन वर्तुळे काढली. एकात विद्यापीठांच्या मुखपृष्ठावर काय असते : प्रमुखांचे मनोगत, समारंभांची छायाचित्रे. दुसऱ्यात लोक काय शोधतात : पत्ता, दूरध्वनी, अर्जाची माहिती. दोन्ही वर्तुळांत सामाईक गोष्ट एकच, संस्थेचे पूर्ण नाव. चित्र अमेरिकेतले असले तरी पाहताना परकेपणा वाटत नाही.

आपल्याकडे तर त्या नावाचीही गंमत आहे. जगाला ठाऊक असलेले नाव 'जे. जे.', शासकीय मराठीत मात्र 'सर ज. जी. कला महाविद्यालय'. जमशेटजी जीजीभाई यांची मराठी आद्याक्षरे म्हणून ते अचूकच आहे. पण आपली मुलगी मोबाइलवर काय लिहून शोधेल? 'जेजे'. मराठी पानावर फक्त 'ज. जी.' असेल, तर तिचा आणि पानाचा रस्ता वेगळा झाला. दोन्ही नावे ठेवणे एवढाच यावर उपाय आहे.

तीच गोष्ट 'ललित कला' आणि 'उपयोजित कला' या शब्दांची. आतल्यांना हा भेद १९५८ पासून स्पष्ट आहे. बारावीच्या मुलीला नाही. २०२३ मध्ये कला, उपयोजित कला आणि वास्तुकला या जे. जे.च्या संस्थांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला; म्हणजे पूर्वीच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलेली माहितीही आता जुनी झाली. रचनाकार अशा वेळी एक सोपी युक्ती करतात. संकेतस्थळावरचे प्रत्येक पान एकेका चिठ्ठीवर लिहितात आणि विद्यार्थ्यांना सांगतात, 'तुम्हाला पटेल तसे गठ्ठे करा आणि गठ्ठ्यांना नावे द्या.' कार्यालयाचे गठ्ठे विभागांप्रमाणे असतात : आस्थापना, लेखा, परीक्षा. विद्यार्थ्यांचे गठ्ठे प्रश्नांप्रमाणे पडतात : मी पात्र आहे का, खर्च किती, राहायचे कुठे, शिकून पुढे काय.

येल विद्यापीठाच्या कलाशाळेने २००६ मध्ये वेगळाच मार्ग धरला. तिथले विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी यांपैकी कुणीही पाने बदलू शकेल असे संकेतस्थळ केले. परिणामी ते कधी भडक, कधी विक्षिप्त, पण जिवंत असे. मला त्यातली लोकशाही आवडते. तरी शंका अशी की तिथे सत्ता मिळाली ती आत पोहोचलेल्यांना. दाराबाहेर उभ्या असलेल्याला त्या गमतीतून वाट काढावी लागते. धुरंधरांचे मंदिर आणि येलचा फळा, दोन्ही आतल्यांचे.

पुन्हा लोअर परळला येऊ. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन गिरण्यांच्या जागी आज काचेचे मनोरे आहेत. कमला मिल, मथुरादास मिल यांच्या आवारांत जाहिरातीची आणि डिजिटल कामाची कार्यालये थाटली गेली. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्सन्सशी सहकार्य करून एक खासगी अभिकल्प-विद्यालयही याच लोअर परळमध्ये उभे राहिले. खासगी संस्थांकडे समुपदेशक असतात, चकचकीत पुस्तिका असतात, एकदा चौकशी केली की पुन्हा फोन येतो. आणि फी लाखांत असते. सरकारी कलाशाळेकडे यांपैकी काही नाही. म्हणून तिच्या संकेतस्थळावर अधिक जबाबदारी पडते. पूर्वी हे काम शाळेतले चित्रकलेचे सर करत. आता कितीतरी शाळांत तो तासच आक्रसला आहे.

नव्या रचनेची परीक्षा कशी घ्यावी? जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडले की एका फेरीला पाच माणसे पुरतात. मोठ्या चुका तेवढ्यात उघड्या पडतात. मग ती पाच माणसे निवडू. डिलाइल रोडची ती मुलगी. तिची आई, कारण फीचा निर्णय ती घेणार. लहान गावातल्या शाळेतले चित्रकलेचे एक शिक्षक. वाचक-प्रणालीवर पान ऐकणारी एक दृष्टिहीन व्यक्ती, जिच्या भाच्याला प्रवेश हवा आहे. आणि एक माजी विद्यार्थी, ज्याला जुने प्रमाणपत्र काढायचे आहे. त्यांच्या हाती साधा मोबाइल द्यायचा, चित्रे उघडायला वेळ लागेल असे मंद नेटवर्क ठेवायचे, आणि मुलीला एकच काम सांगायचे : 'तुझी इंटरमिजिएट झाली आहे. आता कोणती प्रवेश परीक्षा, कधी, किती पैसे, हे शोध.' शेजारी बसणाऱ्याने बोट दाखवायचे नाही. ती कुठे थांबते, कोणत्या शब्दावर अडते आणि किती वेळाने मोबाइल खाली ठेवते, एवढे वहीत लिहायचे.