आडवा पडलेला पाहुणा

आमच्या श्रीगोंद्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत, एक इसम कायमचा उताणा पडलेला आहे. त्याच्या अंगाशी दुसरा एक धिप्पाड गडी उजवा हात छातीशी आवळून उभा आहे आणि त्याला काहीतरी बोलतो आहे. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी ही तसबीर बराच वेळ न्याहाळली. मग म्हणाल्या, "जावईबापू, हे तुमच्याकडले का कोणी?"

"पडलेले की उभे?" मी विचारलं.

"पडलेले," त्या म्हणाल्या.

आमच्या घराण्याविषयी त्यांचं मत काय आहे ते मला त्या दिवशी कळलं.

पडलेले गृहस्थ सनी लिस्टन आणि उभे महंमद अली. तारीख 25 मे 1965, गाव अमेरिकेतलं लुइस्टन. मला मुष्टियुद्धाचे फोटो जमवायचा नाद आहे. आमच्या तालुक्यात ऊस पिकतो, लिंबं पिकतात आणि पैलवान पिकतात. बॉक्सर पिकत नाहीत. यात्रेतल्या हगाम्याला लोक झाडावर चढून कुस्त्या बघतात. तिथे मी बॉक्सिंगचं नाव काढलं की 'त्याला काय लागतंय, नुसते बुक्के!' असा निकाल मिळतो. मी स्वतः लहानपणी तालमीत तीन दिवस गेलो होतो. चौथ्या दिवशी वस्तादांनीच घरी निरोप धाडला, की पोराला अभ्यासाला बसवा. तो अभ्यास पुढे बी.कॉम. होऊन बँकेच्या काउंटरमागे येऊन बसला.

नादाची सुरुवात 1990 सालची. फेब्रुवारीत टोकियोला माइक टायसन हरला. सगळ्या जगाला भारी असलेला माणूस रिंगणात गुडघ्यांवर येऊन तोंडातून पडलेलं दातांचं रबर चाचपतोय, असा फोटो पेपरात पाहिला. वर्गातली पोरं वहीत कपिल देव चिकटवायची. मी टायसन चिकटवला. हेडमास्तरांनी वही जप्त केली. दुसरी केली. पुढे पगार सुरू झाल्यावर पुण्याच्या जुन्या बाजाराच्या वाऱ्या सुरू झाल्या. रविवारी पहाटेची एस.टी., परतताना पिशवीत जुनी परदेशी मासिकं, आणि घरी शिरताना आमच्या सौभाग्यवतींचा ठरलेला प्रश्न : "भाजी आणलीत का?"

पण वाचकहो, हे फोटो नुसते मारामारीचे नसतात. जॅक जॉन्सनचंच घ्या. हा काळा माणूस जगज्जेता झाला हे गोऱ्यांच्या पचनी पडेना. म्हणून जेफ्रीज नावाच्या निवृत्त विजेत्याला पुन्हा कामावर बोलावून 4 जुलै 1910 ला रेनो गावी त्याच्यासमोर उभं केलं. (निवृत्तांना पुन्हा बोलावलं की काय होतं हे आम्ही बँकेत जाणतो.) जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत लोळवला. अमेरिकेत दंगली उसळल्या, माणसं मेली. लढतीच्या चित्रपटावर गावोगाव बंदी आली आणि 1912 मध्ये तर असल्या फिल्मा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच मनाई करणारा कायदा झाला. काळा जिंकला तर जिंकू दे, पण तो जिंकताना दिसता कामा नये!

आता पुन्हा भिंतीवरच्या फोटोकडे. तो काढला नील लाइफरने, वय वर्षं बावीस. अलीच्या दोन पायांच्या मधून पलीकडे बघा, एका टकलू गृहस्थाचं डोकं दिसतं. ते हर्ब शार्फमन, त्याच साप्ताहिकाचे ज्येष्ठ छायाचित्रकार. अली नेमका त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. आयुष्यभराचा अनुभव गाठीशी असून त्या एका क्षणी माणूस चुकीच्या बाजूला बसला आणि दुसऱ्याच्या फोटोत कायमचा अडकला. लिस्टनपेक्षा मला त्यांचीच कणव येते. बढतीच्या याद्या लागतात तेव्हा तर फारच. गंमत म्हणजे त्या आठवड्यात हा फोटो मुखपृष्ठावर आलाच नाही. तो मान त्याच साप्ताहिकाने दिला 1999 मध्ये, शतकातल्या क्रीडाछायाचित्रांच्या विशेषांकावर. चौतीस वर्षांची मुदत ठेव म्हणायची.

अलीचाच आणखी एक फोटो माझ्या फायलीत आहे, 1961 सालचा. तेव्हा तो कॅशियस क्ले होता. फ्लिप शुल्के नावाच्या छायाचित्रकाराला त्याने थाप मारली, की मी पाण्याखाली सराव करतो, त्याने ठोशाला जोर येतो. शुल्के मायामीच्या हॉटेलातल्या तलावात कॅमेरा घेऊन उतरला. क्ले तळाशी मुठी वळून उभा, वर बुडबुडे. 'लाइफ'ने ते छापलं, जगाने विश्वास ठेवला. खरं काय, तर पठ्ठ्याला पोहताच येत नव्हतं! हा फोटो मी आल्यागेल्याला दाखवून हसवत असे.

असे. कारण 2018 च्या जानेवारीत जेवणाच्या सुट्टीत पद्मश्रींची यादी वाचताना घास हातातच राहिला. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्करात ई.एम.ई.मध्ये जवान आणि मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. अलीने लिस्टनला लोळवलं तेच हे साल. एक गोळी पाठीच्या कण्यात, कमरेखालचं अंग लुळं. मग उपचार म्हणून पोहणं आलं. 1968 मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला ते टेबल टेनिस खेळले, आणि 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहून सुवर्णपदक मिळवलं. वेळ 37.33 सेकंद, जागतिक विक्रम. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण.

न पोहणाऱ्या बॉक्सरचा पाण्यातला फोटो माझ्याकडे जपून ठेवलेला. आणि पोहून जग जिंकलेला बॉक्सर इथून एका दिवसाच्या एस.टी.च्या अंतरावरचा, त्याचं मला नावही ठाऊक नव्हतं. अठ्ठावीस वर्षं फोटो जमवत होतो मी!

2024 मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' आला. मुलाला घेऊन नगरला गेलो. परतताना एस.टी.त त्याने विचारलं, "बाबा, हे तुमच्या फायलीत आहेत ना?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ऊस होता.

तेव्हापासून जुन्या बाजारात मी फक्त एकच फोटो मागतो : पेटकरांचा, हातात मोजे चढवलेला, युद्धाआधीचा. दुकानदार म्हणतो, "साहेब, अली देऊ का? अली स्वस्तात आहे." पुढे 2025 मध्ये पेटकरांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला, त्याचं कात्रण मी लावलंय; पण तो म्हातारपणचा फोटो. तरुणपणच्या फोटोसाठी फायलीत अलीच्या पाण्यातल्या फोटोसमोरचं पान कोरं ठेवलंय. बँकेत रक्कम असते पण खातं सापडत नाही, तेव्हा ती 'सस्पेन्स'ला टाकतात. पानाच्या डोक्यावर मी पेन्सिलीने तेवढंच लिहिलंय.

परवा सासूबाई आल्या होत्या. फाईल चाळता चाळता त्या पानावर थांबल्या.

"इथे कोण यायचंय?"

मी सगळं सांगितलं. इस्लामपूर ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मग पुण्याला काय शोधताय? आमच्या धाकट्या नणंदेला दिलंय तिकडे." आणि लगेच चष्मा लावून नंबर शोधायला लागल्या.