गरजेची कसोटी

मदत मागणारा मनुष्य खरोखरीच गरजवंत आहे कीं कामचुकार आहे, हा प्रश्न मदत देणारास फार जुन्या काळापासून छळीत आला आहे. इंग्लंडांत १८३४ सालीं गरिबांविषयींच्या कायद्यानें त्याचें उत्तर दिलें : मदत घेणाराची स्थिति अगदीं हलक्या मजुराहूनहि कमी सुखाची असावी, म्हणजे गरज नसलेला आपोआप दूर राहील. हीच विचारसरणी पुढें दुष्काळी कामांच्या रूपानें आपल्या दख्खनांत आली, आणि १८७७ सालीं तिचीच परीक्षा झाली.

१८७६ चा पाऊस गेला. सोलापूर, अहमदनगर, पुणें या बाजूचे कुणबी व मजूर जवळपासच्या सरकारी कामांवर येऊं लागले. जानेवारी १८७७ मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं सर रिचर्ड टेंपल यांस पाहणीसाठीं पाठविलें. याच टेंपलसाहेबांनीं १८७४ मध्यें बिहारांत ब्रह्मदेशचा तांदूळ आणवून लोक वांचविले होते व त्याबद्दल उधळेपणाचा ठपका पदरीं घेतला होता. या खेपेस त्यांचा हात आखडला. पुरुषाची मजुरी एक पौंड, म्हणजे सुमारें अर्धा शेर, धान्याची किंमत व वर अर्धा आणा एवढ्यावर आली. शिवाय, ज्यांच्या अंगांत बळ आहे त्यांनीं घर सोडून बांधकाम खात्याच्या दूरच्या मोठ्या कामांवर जावें, असेंहि ठरलें.

नियम लिहिला जातो कचेरींत, पण लावला जातो खडीच्या ढिगापाशीं. कोण सशक्त, कोण अशक्त, कोणाचें काम पुरें झालें, हें तेथील कारकुनानें व मुकादमानें ठरवावयाचें. त्यांच्या हातीं माप होतें तें खडीचें. भुकेचें माप त्यांस कोणी दिलेंच नव्हतें. चार दिवस उपाशी असलेल्याचा ढीग लहान दिसणार, आणि लहान ढीग म्हणजे आळस, असा अर्थ लागणार ! गरज मोजण्यासाठीं काढलेली कसोटी अशा रीतीनें शक्तीच मोजूं लागली.

मग हजारों लोक कामें सोडून निघून गेले. सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं, जे काम सोडूं शकतात त्यांस खरी गरज नव्हतीच. १८७० मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकारानें, उलट बाजू मांडली. गांवोगांवची माहिती जमवून सभेनें सरकारास अर्ज केले व दाखवून दिलें कीं, या मजुरींत काम करणाऱ्याचें शरीर टिकत नाहीं. घटना एकच, परंतु एकानें तींत लबाडी पाहिली, दुसऱ्यानें हताशपणा. मद्रासेकडे आरोग्य खात्याचे डॉ. कॉर्निश यांनींहि हीच तक्रार केली, व तेथें मे महिन्यांत मजुरी वाढवावी लागली.

१८७६ ते १८७८ या अवधींत ब्रिटिश मुलखांत ५० लाखांहून अधिक माणसें नेहमीपेक्षां जास्त मेलीं, असा अंदाज पुढील दुष्काळ कमिशननें केला. १८८० च्या आपल्या अहवालांत त्यानें कामाची अट कायम ठेविली. परंतु मजुरी प्रकृति राखण्याइतकी असावी व अशक्तांस गांवींच फुकट मदत मिळावी, हेंहि सांगितलें. ‘फॅमिन कोड’ याच अहवालांतून निघाले.

शंभर वर्षांनीं याच भूमींत चित्र पालटलें. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील लाखों माणसांनीं पुन्हां खडी फोडली, पण वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला, तेव्हां काम मागणें हा हक्क झाला व तें न दिल्यास भत्ता देणें सरकारावर आलें. मोजमाप गेलें नाहीं. केलेल्या कामावरच मजुरी ठरे. मात्र आतां जाब द्यावयाचा होता तो केवळ मजुरानें नव्हे, तर सरकारनेंहि.

कामाची अट स्वतः दयाळू नाहीं कीं क्रूर नाहीं. ती लावणाऱ्यास, समोरचा मनुष्य खोटें बोलत असेल या भीतीबरोबरच तो खरें बोलत असेल ही भीतिहि वाटली पाहिजे. १८७७ सालीं पहिली भीति फार होती. दुसरीची किंमत लोकांनीं प्राणांनीं दिली.