दुबळ्या लहरींचा इतिहास

एफएम प्रक्षेपकाचे सर्वांत साधे रूप तळहातावर मावते. एक ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेचे चार-सहा फेऱ्यांचे वेटोळे, त्याला जोडलेला कमीजास्त करता येणारा कपॅसिटर, दोन-तीन रोधक, एक छोटा मायक्रोफोन, नऊ व्होल्टची बॅटरी आणि अँटेना म्हणून हातभर तार. वेटोळे आणि कपॅसिटर मिळून लहरीची वारंवारता ठरवतात. बोलणाऱ्याच्या आवाजाने ट्रान्झिस्टरवरचा विद्युत्दाब किंचित हलतो, त्याबरोबर त्याची अंतर्गत धारिता बदलते आणि वारंवारता आवाजाच्या चालीने मागेपुढे होऊ लागते. हे यंत्र लावणे तंबोरा लावण्याहून फार वेगळे नाही. वेटोळ्याचे फेरे नखाने जरा विरळ केले की वारंवारता चढते, जवळ आणले की उतरते. नुसता हात जवळ नेला तरी सूर ढळतो. शेजारी ठेवलेल्या रेडिओची खरखर एकाएकी थांबून निःशब्दता पसरली, की आपली लहर तेथवर पोहोचली असे समजावे.

एडविन आर्मस्ट्राँग यांना एफएमची पेटंटे १९३३ साली मिळाली. ट्रान्झिस्टर १९४७ साली जन्मला. ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर हा प्रक्षेपक शाळकरी मुलाच्याही आवाक्यात आला. तेव्हापासून प्रक्षेपण करणे कसे, हा प्रश्न मागे पडला आणि प्रक्षेपण कोणी करावे, हा प्रश्न उरला. ह्या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर जपानमध्ये सापडले आणि त्याला कारण झाला तेथील कायद्यातला एक किरकोळ अपवाद.

जपानच्या १९५० च्या रेडिओ कायद्याने प्रक्षेपणाला परवाना सक्तीचा केला, पण अत्यंत क्षीण लहरींना त्यातून वगळले. शंभर मीटरवर लहरीची तीव्रता दर मीटरला पंधरा मायक्रोव्होल्टपेक्षा अधिक नसली, की परवाना लागत नसे. ही सवलत बिनतारी खेळणी व तत्सम उपकरणांसाठी उपयोगी होती. तिच्या आधाराने रेडिओ केंद्र चालवता येईल, हे १९८० च्या दशकाच्या आरंभी तेत्सुओ कोगावा आणि त्यांच्या भोवतीच्या तरुणांनी हेरले. इटलीतील मुक्त रेडिओची चळवळ त्यांच्यासमोर होती. तेथील घटनात्मक न्यायालयाने १९७६ साली स्थानिक प्रक्षेपणावरील सरकारी मक्तेदारी अमान्य केली होती. आणि तरीही मार्च १९७७ मध्ये बोलोन्यातील 'रेडिओ अलिचे'चे दार पोलिसांनी ठोठावले, ते प्रक्षेपण चालू असतानाच. कोगावांचा मार्ग निराळा होता. त्यांनी कायदा मोडला नाही. कायद्याने जेवढी फट ठेवली होती, तेवढ्याच फटीतून ते बोलू लागले.

अशा केंद्राचा आवाज जेमतेम काहीशे मीटर जाई. हे उणेपण वाटेल, पण टोकियोच्या दाट वस्तीत अर्ध्या किलोमीटरच्या परिघात दहा हजारांच्या आसपास माणसे राहतात. शिमोकिताझावा भागात १९८३ साली सुरू झालेले 'रेडिओ होम रन' हे अशा केंद्रांपैकी प्रसिद्ध. ऐकणारा पायी चालत केंद्रापर्यंत येऊ शके, आणि येईही. आला की तोच बोलू लागे. मोठ्या केंद्राला श्रोते संख्येने मोजावे लागतात, येथे श्रोता दारात उभा असे. लहरीचा दुबळेपणा हा दोष मानावा की गुण, ह्याचा विचार कोगावांनी पुढेही केला. देशोदेशी कार्यशाळा घेऊन ते लोकांकडून साधा प्रक्षेपक स्वहस्ते जोडवून घेत राहिले.

ह्या छंदाला कसोटीची वेळ आली ती १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर अफवा उठून हजारो कोरियन माणसांची कत्तल झाली होती. ती स्मृती कोरियन वस्तीत पुसली गेली नव्हती. कोबेच्या नागाता भागात भूकंपानंतर दोन आठवड्यांच्या आत 'एफएम योबोसेयो' हे केंद्र कोरियन व जपानी भाषांतून बोलू लागले. पाणी कोठे मिळेल, निवारा कोठे आहे, कोण सुखरूप आहे, हे ज्याच्या त्याच्या भाषेत सांगणे हे अफवेवरचे औषधच होते. मागोमाग व्हिएतनामी, स्पॅनिश आदी भाषांचे दुसरे केंद्र निघाले. दोन्ही मिळून 'एफएम वाय वाय' झाले आणि भूकंपाच्या पहिल्या वर्षदिनी, १७ जानेवारी १९९६ रोजी, त्याला रीतसर परवाना मिळाला.

योगायोग असा, की त्याच १९९५ च्या फेब्रुवारीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. तरीही बिहारमधील वैशाली जिल्ह्याच्या मन्सूरपूर गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने सुमारे पन्नास रुपयांत जोडलेले 'राघव एफएम मन्सूरपूर १' हे केंद्र परवान्याअभावी मार्च २००६ मध्ये बंद करण्यात आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी केली आणि २००८ साली तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात दलित स्त्रियांचा 'संघम रेडिओ' सुरू झाला. हे पाऊल मोठेच होते. मात्र वाट संस्थेला मिळाली, एकट्या माणसाला नाही. आणि स्वतः जमवलेल्या बातम्या सांगण्याची मुभा त्या धोरणाने दिली नाही.

परवाना हवाच कशाला, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. घरी जोडलेल्या प्रक्षेपकाची वारंवारता उन्हाने, बॅटरी उतरल्याने सरकते. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि त्याला लागूनच विमानांच्या मार्गदर्शनाच्या व संभाषणाच्या वारंवारता सुरू होतात. निर्बंधाला सबळ कारण आहे. पण निर्बंध कशावर घालायचा, हे ठरवण्याचे दोन मार्ग इतिहासात दिसतात. एकात लहर किती दूर जाते हे मोजतात; दुसऱ्यात बोलणारा कोण हे विचारतात. पहिला प्रश्न अभियंत्याचा, दुसरा सत्तेचा. १९५० च्या जपानी कायद्याने, बहुधा नकळत, निदान एका कोपऱ्यात पहिल्या प्रश्नावरच थांबणे पसंत केले, आणि त्या काहीशे मीटरांत माणसे एकमेकांशी बोलू लागली.