ढाल नेमकी कोणासाठी होती?

इंग्लंडच्या अव्वल श्रेणीचा फुटबॉल हंगाम आजकाल कम्युनिटी शील्डच्या सामन्याने सुरू होतो. एका बाजूला गेल्या हंगामाचा लीग विजेता, दुसऱ्या बाजूला एफए कपचा मानकरी. ही रचना इतकी अंगवळणी पडली आहे, की १९०८ पासूनचा सगळा इतिहास तिच्यातच बसवून सांगितला जातो. जुन्या निकालांची यादी ओळीने वाचली, तर १९२१ पर्यंत असा सामना एकदाही झालेला दिसत नाही. मग ही ढाल सुरू झाली कशासाठी?

उत्तर शोधायचे तर १९०८ च्याही दहा वर्षे मागे जावे लागते. १८९८ मध्ये लंडनचे शेरीफ टॉमस ड्युअर यांनी माणसाएवढी उंच ढाल देऊन एक वार्षिक सामना सुरू केला. हौशी खेळाडूंचा संघ विरुद्ध व्यावसायिक संघ, आणि उत्पन्न धर्मादाय कामाला. पहिला सामना कोरिंथियन्स आणि शेफील्ड युनायटेड यांच्यात झाला. बक्षिसासाठी खेळायचे नाही, हा कोरिंथियन्सचा नियम होता. दानधर्मासाठी म्हणून त्यांनी या ढालीपुरता अपवाद केला. हे हौशी खेळाडू कच्चे होते असे कोणी समजू नये. १९०४ मध्ये त्यांनी बरी या क्लबचा १०–३ असा धुव्वा उडवला, आणि बरी म्हणजे आदल्या वर्षीचा एफए कप विजेता.

१९०७ मध्ये ही जोडी फुटली. व्यावसायिक क्लबांनाही सामावून घ्या, असा फुटबॉल असोसिएशनचा जिल्हा संघटनांना आग्रह होता. तो न पटलेल्या हौशी क्लबांनी वेगळी संघटना काढली. कोरिंथियन्सही तिकडे गेले आणि शेरीफच्या ढालीचा सामना बंद पडला. पुढच्याच वर्षी असोसिएशनने स्वतःची चॅरिटी शील्ड, म्हणजे आजची कम्युनिटी शील्ड, आणली. या तारखा शेजारी ठेवल्या की माझ्या मते शंका उरत नाही. ही ढाल लीग आणि कपच्या विजेत्यांना भिडवण्यासाठी काढलेली नव्हती, फुटीने पडलेली जागा भरण्यासाठी होती.

हौशी संघ गेल्यावर लीग विजेत्या मँचेस्टर युनायटेडसमोर उभे राहायला कोण होते? दक्षिणेतल्या सदर्न लीगचा विजेता क्वीन्स पार्क रेंजर्स. २७ एप्रिल १९०८ रोजी स्टॅमफर्ड ब्रिजवर मेरेडिथच्या गोलमुळे युनायटेडने १–१ अशी बरोबरी साधली. फेरसामना थेट पुढच्या हंगामाच्या तोंडावर, २९ ऑगस्टला झाला. टर्नबुलने तीन गोल केले आणि युनायटेड ४–० ने जिंकले. १९१० मध्ये सदर्न लीगच्या ब्रायटनने लीग विजेत्या ॲस्टन व्हिलाला १–० ने हरवले. दोन लीगांच्या विजेत्यांमधला हा सामना लुटुपुटीचा नव्हता, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. पुढच्या वर्षी युनायटेडने स्विंडनला ८–४ असे हरवले. त्यातले सहा गोल एकट्या हॅरल्ड हॉल्सचे. १९१२ चा सामना टायटॅनिक बुडाल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत झाला आणि त्याचे पैसे टायटॅनिक मदतनिधीला गेले.

१९१३ ची नोंद मला सर्वांत बोलकी वाटते: व्यावसायिक ७, हौशी २. क्लबांची नावेच नाहीत! क्रिकेटमधल्या जंटलमेन–प्लेअर्स सामन्यासारखी ही लढत. म्हणजे शेरीफच्या ढालीची मूळ कल्पना असोसिएशनच्या मनातून गेलेली नव्हती. फुटलेल्या हौशी संघटनेशी समेट १९१४ मध्ये झाला.

महायुद्धानंतर सामने पुन्हा सुरू झाले, तेव्हा सदर्न लीगचे वरच्या श्रेणीतले बहुतेक क्लब फुटबॉल लीगच्या नव्या तिसऱ्या श्रेणीत गेले होते. जुना प्रतिस्पर्धीच उरला नाही. १९२० मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीचे विजेते खेळले. १९२१ मध्ये टॉटनहॅम आणि बर्नली, म्हणजे कपचा आणि लीगचा विजेता, प्रथमच समोरासमोर आले. पण हाही नियम झाला नाही. १९२३ ते १९२६ पुन्हा हौशी विरुद्ध व्यावसायिक, आणि त्यात १९२५ मध्ये हौशींचा ६–१ असा विजय. १९२७ मध्ये कप जिंकलेल्या कार्डिफसमोर लीग विजेत्या न्यूकॅसलऐवजी कोरिंथियन्स उतरले आणि अवघ्या एका गोलने हरले. आजची रचना स्थिरावली ती १९३० पासून, तीही अधूनमधून अपवाद सांभाळत.

वेम्बलीवर हा सामना १९७४ मध्ये नेला गेला. ‘चॅरिटी’ हे नाव २००२ पर्यंत टिकले. तिकिटाच्या पैशांतला किती भाग धर्मादाय कामाला जातो हे असोसिएशनने स्पष्ट केले नव्हते, रकमा पोचवायलाही उशीर केला होता, असा निष्कर्ष इंग्लंड व वेल्सच्या चॅरिटी कमिशनने काढला. त्या वर्षापासून ढालीचे नाव कम्युनिटी शील्ड झाले.