नर्न्स्टची कांडी

मोटारीच्या धुराच्या नळीत अंगठ्याएवढा ऑक्सिजन सेन्सर खोचलेला असतो. गॅरेजात त्याला ‘ओटू सेन्सर’ म्हणतात. त्याचं कूळ शोधायला निघालं की माणूस जाऊन पोचतो विजेच्या दिव्यापाशी.

जर्मनीतल्या ग्योटिंगेनला वाल्थर नर्न्स्ट यांनी १८९७च्या सुमारास हा दिवा केला. त्यात तार नव्हती; सुमारे ८५ टक्के झिर्कोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साइड) आणि १५ टक्के यट्रिया (यट्रियमचं ऑक्साइड) भाजून केलेली पांढरी कांडी होती. गार असताना तिच्यातून वीज जात नसे. आधी तापवायची, मग ती आपल्याच उष्णतेने झगझगत राही. हवेत जळून जायची भीती नसल्याने निर्वात काचगोळाही लागत नसे. एईजी कंपनीने मोठी रक्कम मोजून हक्क घेतले. पुढे टंगस्टनची तार आली आणि हा दिवा बाजारातून उठला.

दिवा गेला, कोडं राहिलं: तापल्यावर या कांडीतून वाहतं काय? ते १९४३ मध्ये कार्ल वाग्नर यांनी सोडवलं. झिर्कोनियमच्या जागी यट्रियम बसलं की दर दोन यट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. कांडी तापली की ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांतून सरकत जातात. सेन्सरचा खरा जन्म मी इथेच धरतो. पुढची सगळी कारागिरी. यट्रियाचा आणखी एक उपकार आहे. निव्वळ झिर्कोनिया तापता-निवताना स्फटिकरूप बदलून तडकतो, यट्रिया त्याला आवरून धरतं.

१९७६ मध्ये बॉशचा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत बसला. कांडीची आता टोपी झाली होती, आतबाहेर सच्छिद्र प्लॅटिनमचा थर. आत ताजी हवा, बाहेर धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या तफावतीतून व्होल्टेज उपजतं: पेट्रोल जास्त झालं तर सुमारे ०.९, कमी पडलं तर ०.१ व्होल्ट. त्यावरून एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे वजनी प्रमाण सांभाळलं जातं. हे व्होल्टेज मांडायचं समीकरणही नर्न्स्ट यांचंच, १८८९चं! पदार्थ आणि गणित एकाच माणसाचं, गाडीत यायला मात्र पाऊण शतक गेलं.

प्लॅटिनमला शिसं सोसत नाही. भारतात १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, तो प्रश्न मिटला. सिलिकोनची वाफही त्याला तितकीच मारक. तेव्हा इंजिनाला सीलंट लावायची वेळ आली, तर ते सेन्सरला चालणारं आहे ना, एवढं मेकॅनिकला जरूर विचारा.