ऑपरेशन यशस्वी, पण माणूस बरा कधी झाला?

‘ऑपरेशन छान झालं,’ असं डॉक्टर बाहेर येऊन सांगतात आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. माझं संशोधन या वाक्याच्या पुढे सुरू होतं. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर वयस्कर माणूस पुन्हा आपलं रोजचं आयुष्य कितपत जगू शकतो? हे सांगताना मला मायकेल डिबेकी आठवतात.

डिबेकी हे अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे नामवंत हृदयशल्यविशारद. महाधमनीचा आतला थर फाटतो आणि तिच्या भिंतीत रक्त शिरतं, अशा जीवघेण्या आजारावरची शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रूढ केली. ३१ डिसेंबर २००५ ला, वयाच्या ९७ व्या वर्षी, नेमका तोच आजार त्यांना झाला. गंमत म्हणजे निदानही त्यांनी स्वतःच केलं!

पण ऑपरेशनला ते तयार नव्हते. मरणापेक्षा शरीरानं किंवा बुद्धीनं पंगू होऊन जगण्याची त्यांना जास्त भीती होती. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांची शुद्ध हरपली. काही भूलतज्ज्ञांनी नकार दिला, रुग्णालयाची नीतिसमिती बसली आणि अखेर पत्नीच्या आग्रहानं ऑपरेशन झालं. ते वाचले. मात्र पुढे व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीनं अन्न, पुन्हा चालायला शिकणं... कायमचं घरी जायला सप्टेंबर उजाडला. नंतर ते कामावर परतले, ऑपरेशन झालं याचा आनंदही त्यांनी बोलून दाखवला. २००८ मध्ये, शंभरीला दोन महिने उरले असताना ते गेले.

आता सांगा, ऑपरेशन यशस्वी कधी झालं? फेब्रुवारीत की सप्टेंबरमध्ये? एप्रिलमध्ये विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं?

‘रुग्ण जगला का’ एवढ्यानं हे कळत नाही. म्हणूनच १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसएफ-३६ सारख्या प्रश्नावल्या साधं विचारतात: जिना चढता येतो का? स्वतःची अंघोळ करता येते का? आणि हे एकदाच नाही, काही महिन्यांनी पुन्हा विचारावं लागतं. ऑपरेशनआधी पाच मीटर चालायला किती सेकंद लागतात, यावरूनही वयस्कर रुग्णाच्या ताकदीचा अंदाज घेतात.

डिबेकींच्या दिमतीला होती तशी यंत्रणा सगळ्यांना मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यावरून नियम काढता येणार नाही. पण तुमच्या घरी अशी वेळ आली, तर ‘वाचतील ना?’ सोबत ‘सहा महिन्यांनी काय काय करू शकतील?’ हेही विचारा. आणि त्यांना स्वतःला काय हवंय, हे ते शुद्धीवर असतानाच विचारा.